ॲक्टिव्ह रेकॉर्डच्या पूरक लायब्ररी : कोणती कशासाठी आणि कुठे जपून

रूबी भाषेत लिहिलेल्या बहुतेक वेब ॲप्लिकेशनमध्ये डेटाबेसशी बोलण्याचे काम 'ॲक्टिव्ह रेकॉर्ड' ही चौकट करते. ही चौकट मूलभूत कामे करते. नोंद पुसली तरी ती परत मिळावी, कोणी काय बदलले ते कळावे, एकाच डेटाबेसमध्ये अनेक संस्थांची माहिती वेगवेगळी राहावी, अशा गरजा मात्र वेगळ्या पूरक लायब्ररींनी भागवल्या जातात. रूबीत अशा लायब्ररीला 'जेम' म्हणतात. जेम जोडायला एक ओळ पुरते. पण ती ॲप्लिकेशनच्या सर्वांत नाजूक भागात, म्हणजे साठवलेल्या माहितीत, हात घालते. त्यामुळे ती नेमके काय करते आणि काय करत नाही हे आधी माहीत असलेले बरे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक ॲप्लिकेशन धरू. लातूर हे शिकवणीचे शहर. नांदेडही आता त्यात मागे नाही. समजा, एका क्लासच्या लातूर आणि नांदेड अशा दोन शाखा आहेत. विद्यार्थ्यांची नोंदणी, फीचे हप्ते, पावत्या आणि चाचण्यांचे गुण असे सगळे एका रूबी ॲप्लिकेशनमध्ये आहे. पुढची बहुतेक उदाहरणे याच ॲप्लिकेशनची आहेत.

चौकट म्हणजे काय?

डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत असते, तर रूबीत ती वस्तूंच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या, रूपात हाताळली जाते. या दोन्हींची सांगड घालणाऱ्या सॉफ्टवेअरला ओआरएम म्हणतात. 'विद्यार्थी' तक्त्यातली एक ओळ म्हणजे प्रोग्राममधला एक विद्यार्थी-ऑब्जेक्ट. त्याचे नाव बदलून 'सेव्ह' म्हटले की एसक्यूएल आज्ञा चौकटच तयार करते.

'ॲक्टिव्ह रेकॉर्ड' हे नाव मार्टिन फाउलर यांच्या २००२ च्या पुस्तकातल्या एका रचनेचे आहे. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये रूबी ऑन रेल्स प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात ही रचना याच नावाने वापरली. रूबीत ही एकच चौकट नाही. 'सीक्वेल' आणि 'डेटामॅपर' याही दोन जुन्या चौकटी आहेत आणि त्यांच्याही पूरक लायब्ररी आहेत. वापर सर्वाधिक ॲक्टिव्ह रेकॉर्डचा असल्याने लेखाचा भर तिच्यावर आहे.

जोडणी कशी होते?

रूबीत आधी तयार झालेल्या वर्गात, म्हणजे क्लासमध्ये, नंतरही नव्या पद्धती घालता येतात. पूरक लायब्ररी याचा फायदा घेतात. साधारणपणे जोडणीचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार नव्या पद्धती देण्याचा. लायब्ररी मॉडेलला एखादी नवी आज्ञा शिकवते. जुन्या आज्ञा तशाच राहतात. हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार.

दुसरा प्रकार कॉलबॅकचा. नोंद साठवण्याआधी किंवा साठवल्यावर अमुक काम कर, अशी सूचना लायब्ररी चौकटीकडे ठेवते. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या बहुतेक लायब्ररी अशाच चालतात.

तिसरा प्रकार मूळ वागणूक बदलण्याचा. 'पूस' म्हटल्यावर पुसण्याऐवजी फक्त खूण करणे, किंवा प्रत्येक शोधाला न सांगता एक अट चिकटवणे. सोयीचा वाटणारा हाच प्रकार पुढे जास्त त्रास देतो, कारण कोड वाचणाऱ्याला ती अट दिसत नाही.

सीक्वेलमध्ये ही शिस्त अधिक स्पष्ट आहे. तिथे प्लगिन नाव घेऊन लावावे लागते, आणि त्यातल्या पद्धती मॉडेलसाठी, एकेका नोंदीसाठी आणि शोधासाठी अशा तीन वेगळ्या कप्प्यांत असतात.

पुसलेली नोंद परत मिळवणे

लातूर शाखेतल्या कारकुनाने चुकून एका विद्यार्थ्याची नोंद पुसली आणि तिच्यासोबत फीच्या पावत्याही गेल्या, अशी वेळ येऊ नये म्हणून 'सौम्य पुसणे' वापरतात. ओळ तक्त्यातच राहते. फक्त पुसल्याची तारीख एका रकान्यात भरली जाते.

या कामासाठी रेल्सच्या सुरुवातीच्या काळात 'ॲक्ट्स ॲज पॅरानॉइड' आली, पुढे 'पॅरानोया' आणि मग 'डिस्कार्ड'. पॅरानोया चौकटीची मूळ पुसण्याची आज्ञाच बदलते आणि पुसलेल्या नोंदी प्रत्येक शोधातून आपोआप वगळते. नव्या कामासाठी ती वापरू नका, असे तिचे सांभाळकर्तेच तिच्या माहितीपत्रकात सांगतात. डिस्कार्ड मूळ आज्ञेला हात लावत नाही. ती स्वतःची वेगळी आज्ञा देते, आणि 'राखलेल्या नोंदीच दाखव' हे प्रोग्रामरने स्वतः लिहायचे असते. दोन शब्द जास्त लिहावे लागतात, पण काय चालले आहे ते दिसते.

कोणतीही घेतली तरी एक अडचण राहतेच. पटनोंदणी क्रमांक एकदाच यावा अशी अट डेटाबेसमध्ये असेल, तर 'पुसलेल्या' विद्यार्थ्याचा क्रमांक अडकून बसतो आणि त्याच क्रमांकाने पुन्हा प्रवेश देता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये 'पुसल्याची तारीख रिकामी असलेल्या ओळींपुरती' ही अट ठेवता येते. मायएसक्यूएलमध्ये अशी अंशतः अट थेट ठेवता येत नाही, म्हणून वेगळी युक्ती करावी लागते.

बदलांचा इतिहास

फीचा हप्ता आधी बारा हजार होता, आता दहा हजार दिसतो. कोणी बदलला, कधी बदलला? पालक आणि क्लासचालक यांच्यात वाद झाला की सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. 'पेपर ट्रेल' ही लायब्ररी प्रत्येक बदलासोबत जुनी नोंद, बदलाचा प्रकार, वेळ आणि बदल करणाऱ्याची ओळख वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवते. 'ऑडिटेड' ही लायब्ररीही हेच काम करते.

दोन्ही कॉलबॅकवर चालतात. एकदम हजार ओळी बदलणारी किंवा कॉलबॅक टाळून रकाना भरणारी आज्ञा ॲक्टिव्ह रेकॉर्डमध्ये आहे. ती वापरली तर इतिहासात काहीच उमटत नाही. थेट डेटाबेसमध्ये जाऊन केलेला बदलही निसटतो. म्हणजे ज्याला खाडाखोड लपवायची आहे, त्याला मागचे दार उघडेच असते. पैशांच्या नोंदींसाठी हे पुरेसे नसेल, तर 'लॉगिड्झ'सारखी लायब्ररी पाहावी. ती इतिहासाचे काम डेटाबेसच्या ट्रिगरकडे सोपवते, त्यामुळे बदल कोणत्याही वाटेने आला तरी नोंद होते.

पेपर ट्रेलचा आणखी एक अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती जुनी नोंद डीफॉल्टने यॅमल स्वरूपात साठवते. जुलै २०२२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने रेल्सने यॅमल वाचण्याचे नियम कडक केले. त्या अद्ययावतानंतर अनेक ॲप्लिकेशनमध्ये जुना इतिहास वाचताना चुका येऊ लागल्या. कोणत्या प्रकारची माहिती चालेल ते स्वतः सांगावे लागले. नव्याने सुरुवात करत असाल तर इतिहासाचे रकाने जेसन प्रकारचे ठेवा, म्हणजे हा प्रश्न येत नाही.

शाखा वेगळ्या ठेवणे

नांदेड शाखेच्या व्यवस्थापकाला लातूरचे विद्यार्थी दिसू नयेत. त्याहून गंभीर म्हणजे हेच ॲप्लिकेशन दुसऱ्या क्लासला विकले, तर एकाचे पालकांचे फोन नंबर दुसऱ्याला दिसता कामा नयेत. याला 'बहुभाडेकरू' रचना म्हणतात आणि तिच्या दोन वाटा आहेत.

'ॲक्ट्स ॲज टेनंट' प्रत्येक तक्त्यात संस्थेचा क्रमांक ठेवते आणि प्रत्येक शोधाला ती अट लावते. 'अपार्टमेंट' प्रत्येक संस्थेसाठी पोस्टग्रेसमध्ये वेगळा स्कीमा करते. पहिली वाट साधी आहे, पण एखाद्या ठिकाणी अट काढून टाकणारी आज्ञा आली की भिंत पडते. दुसऱ्या वाटेत भिंत पक्की असते, पण संस्था शंभरावर गेल्या की रचनेतला प्रत्येक बदल शंभर वेळा चालवावा लागतो.

गफलत बहुतेक वेळा पार्श्वभूमीला चालणाऱ्या कामांत होते. रात्री सगळ्या पालकांना एसएमएस पाठवणाऱ्या कामाला 'सध्या कोणती संस्था' हे आपोआप कळत नाही. ते सांगावे लागते. ॲक्ट्स ॲज टेनंटमध्ये संस्था ठरलेली नसेल तर शोधच नाकारावा, अशी सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

जिल्हा, तालुका, गाव : झाडासारखी माहिती

पत्ता भरताना जिल्हा, त्याखाली तालुका, त्याखाली गाव अशी उतरंड लागते. यासाठी 'ॲन्सेस्ट्री', 'ऑसम नेस्टेड सेट' आणि 'क्लोजर ट्री' या तीन लायब्ररी प्रसिद्ध आहेत. ॲन्सेस्ट्री प्रत्येक नोंदीत वरच्या सगळ्यांचे क्रमांक एका ओळीत लिहिते. नेस्टेड सेट प्रत्येक नोंदीला डावा आणि उजवा असे दोन आकडे देते. वाचन झटपट होते, पण मध्ये एक गाव घातले की पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकवावे लागतात. क्लोजर ट्री प्रत्येक पूर्वज-वंशज जोडीची ओळ वेगळ्या तक्त्यात ठेवते.

मराठवाड्यात ही उतरंड स्थिर नाही, हे विसरू नये. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून. उदगीर १९५६ पूर्वी बिदर जिल्ह्यात होते. तालुका एका जिल्ह्याखालून दुसऱ्याखाली हलवणे या लायब्ररींना जमते. खालची सगळी गावे सोबत जातात. पण त्या फक्त आजची स्थिती सांगतात. १९८१ च्या जनगणनेत उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात मोजले गेले, हे झाडात राहत नाही. जुन्या आकडेवारीशी तुलना करायची असेल, तर 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' असे तारखांचे रकाने असलेला वेगळा तक्ता करावा लागतो.

मराठी नावे, पत्ते आणि शोध

वेबपत्त्यात क्रमांकाऐवजी नाव यावे म्हणून 'फ्रेंडली आयडी' वापरतात. नाव बदलले तर जुना पत्ताही चालू ठेवण्याची सोय तिच्या 'हिस्टरी' भागात आहे. उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जुने दुवे तुटू नयेत यासाठी ही सोय नेमकी कामाला येते.

मात्र देवनागरी नाव तसेच दिले, तर साध्या मांडणीत रेल्स त्यातली अक्षरे गाळून टाकते, कारण ती पद्धत रोमन अक्षरांसाठी बनली आहे. 'अर्धापूर' दिले तर हाती त्या नावाचे काहीच उरत नाही. पत्ता बनवण्याची पद्धत स्वतः लिहावी, किंवा रोमन लिपीतल्या नावाचा वेगळा रकाना ठेवावा.

एकाच नोंदीचे मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर ठेवायचे असतील तर 'ग्लोबलाइझ' आणि 'मोबिलिटी' आहेत. ग्लोबलाइझ भाषांतरांसाठी वेगळा तक्ता करते. मोबिलिटीत वेगळा तक्ता, वेगळे रकाने किंवा जेसन यांतून निवड करता येते.

शोधासाठी 'पीजी सर्च' ही लायब्ररी पोस्टग्रेसचा मजकूर-शोध वापरते. इथे मराठीची अडचण भाषेच्या घडणीतच आहे. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो : नांदेडला, नांदेडहून, नांदेडमध्ये. इंग्रजीसाठी शब्दाचे मूळ रूप काढणारे नियम पोस्टग्रेससोबत येतात. मराठीसाठी येत नाहीत. म्हणून 'नांदेड' शोधले तर 'नांदेडहून' असलेली ओळ सुटू शकते. शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवणारा पर्याय पीजी सर्चमध्ये आहे, तो चालू केला की बरीच उणीव भरते. 'लातूर'चे सामान्यरूप 'लातुरात' असे होते, तिथे मात्र तोही हुकतो. आपल्या खऱ्या मजकुरावर तपासल्याशिवाय शोध पूर्ण झाला असे समजू नका.

वेग

नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. तालुक्यांची यादी काढून प्रत्येक तालुक्यातले विद्यार्थी दाखवायचे असतील, तर निष्काळजी कोड एक शोध यादीसाठी आणि सोळा शोध विद्यार्थ्यांसाठी, असे सतरा शोध करतो. खरे तर दोन पुरतात. 'बुलेट' ही लायब्ररी कोड लिहितानाच अशा जागा दाखवून देते. ती प्रोग्रामरच्या संगणकावर चालवायची असते, प्रत्यक्ष सर्व्हरवर नाही.

हजारो ओळी एकदम भरायच्या असतील, उदाहरणार्थ लातूर बाजार समितीचे सोयाबीन आणि तुरीचे अनेक वर्षांचे भाव, तर 'ॲक्टिव्हरेकॉर्ड इम्पोर्ट' एका आज्ञेत पुष्कळ ओळी घालते. रेल्स ६.० पासून (२०१९) मूळ चौकटीतही तशी आज्ञा आहे, पण ती नोंदींची वैधता तपासत नाही. इम्पोर्ट लायब्ररी ती तपासू शकते.

यादी पानापानाने दाखवण्यासाठी 'विल पॅजिनेट', 'कामिनारी' आणि 'पॅगी' आहेत. चालू सर्व्हरवर तक्त्याची रचना बदलताना तो अडकून पडू नये म्हणून 'स्ट्राँग मायग्रेशन्स' धोक्याचे बदल आधीच अडवते.

चौकटीतच आलेली कामे

लायब्ररी शोधण्याआधी चौकटीची ताजी आवृत्ती पाहावी. फॉर्ममधून नको ते रकाने भरले जाऊ नयेत यासाठीची 'स्ट्राँग पॅरामीटर्स' आधी वेगळी लायब्ररी होती. २०१३ मध्ये रेल्स ४.० मध्ये आली. ठरावीक पर्यायांचा रकाना ४.१ मध्ये आला, फाइल जोडणे ५.२ मध्ये, रकाना कूटबद्ध करणे ७.० मध्ये, आणि दोन रकान्यांची मिळून एक प्राथमिक किल्ली ७.१ मध्ये (२०२३). आधार क्रमांकासारखी माहिती कूटबद्ध ठेवण्यासाठी पूर्वी 'ॲट्र एन्क्रिप्टेड' घ्यावी लागे. रेल्स ७ मध्ये तिच्या आणि चौकटीच्या पद्धतींची नावे एकमेकांवर आदळली आणि लायब्ररीला आपली नावे बदलावी लागली.

मागे पडलेल्या लायब्ररी

डेटामॅपर ही चौकट पूरक लायब्ररींवरच उभी होती. गाभा लहान, आणि वैधता तपासणे, वेळेची नोंद, याद्या, झाडे असे बाकी सगळे वेगळ्या जेममध्ये. २०१० मध्ये तिची १.० आवृत्ती आली. पुढे तिच्या सांभाळकर्त्यांनी नव्या रचनेचे काम हाती घेतले आणि त्यातून 'रोम' ही वेगळीच चौकट उभी राहिली. जुन्या डेटामॅपरवरचे काम थांबले. तिच्यावर बांधलेल्या ॲप्लिकेशनला नव्या रूबीवर जाणे अवघड झाले, कारण एक नव्हे तर डझनभर जेम एकदम थांबल्या होत्या.

फाइल जोडणारी 'पेपरक्लिप' एके काळी जवळजवळ सगळीकडे होती. रेल्समध्येच ती सोय आल्यावर २०१८ मध्ये ती अधिकृतपणे थांबवली गेली; पण फाइली कशा हलवायच्या याचे मार्गदर्शन तिच्या सांभाळकर्त्यांनी दिले. 'स्क्वील' मात्र चौकटीच्या आतल्या, जाहीर नसलेल्या भागांवर टेकलेली होती. रेल्सच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत ती मोडत गेली आणि शेवटी बंद पडली.

विश्वासाचा प्रश्न

'स्ट्राँग पासवर्ड' ही पासवर्डचा कणखरपणा तपासणारी छोटी लायब्ररी. जून २०१९ मध्ये तिची ०.०.७ ही आवृत्ती रूबीजेम्सवर आली, पण मूळ कोडच्या भांडारात तसा बदलच नव्हता. लेखकाचे खाते कोणीतरी बळकावले होते. त्या आवृत्तीतला कोड फक्त प्रत्यक्ष सर्व्हरवर जागा होई, थोडा वेळ थांबे आणि बाहेरच्या संकेतस्थळावरून आणखी कोड आणून चालवे. आवृत्त्या बदलताना प्रत्येक बदल वाचून पाहणाऱ्या एका प्रोग्रामरच्या हे लक्षात आले आणि ती आवृत्ती काढून टाकली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रेस्ट क्लायंट' या मोठ्या जेमबाबतही असेच घडले. ऑगस्ट २०२२ पासून सर्वाधिक वापराच्या जेमच्या मालकांना रूबीजेम्सने दुहेरी ओळख-तपासणी सक्तीची केली आहे.

निवडताना काय पाहावे

हे काम पन्नास ओळींत स्वतः लिहिता येईल का? येत असेल तर लायब्ररी नको. चौकटीच्या ताज्या आवृत्तीत सोय आहे का, ते पाहा. लायब्ररीने शेवटची आवृत्ती कधी काढली आणि रेल्सच्या सध्याच्या आवृत्तीवर ती तपासली जाते का, हे बघा. ती मूळ वागणूक बदलते की फक्त नवी आज्ञा देते? उद्या काढून टाकायची झाली तर तक्त्यांत काय उरेल, आणि ते तिच्याशिवाय वाचता येईल का?

आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाइल कोडसोबत नेहमी ठेवा. 'बंडलर ऑडिट' हे साधन ज्ञात दोष असलेल्या आवृत्त्या दाखवते. ते दर आठवड्याला चालवा. सगळ्या जेम प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच साठवण्याची आज्ञा बंडलरमध्ये आहे. जिथे इंटरनेट मधूनच जाते अशा गावात सर्व्हर पुन्हा उभा करायची वेळ आली, तर ती फार उपयोगी पडते.

यातले बरेचसे जेम एकेकट्या माणसाने किंवा छोट्या गटाने मोकळ्या वेळात सांभाळलेले असतात. रूबीकॉन्फ इंडिया २०१२ आणि २०१३ मध्ये पुण्यात भरली होती, तेव्हापासून रूबीत काम करणारा मोठा मराठी वर्ग तयार आहे. देवनागरी पत्ते आणि मराठी प्रत्ययांचा शोध या दोन उणिवा इंग्रजीत काम करणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाहीत. नांदेड-लातूरच्या प्रोग्रामरला त्या पहिल्याच आठवड्यात भेटतात, आणि त्यांवरचा उपाय लिहून मूळ लायब्ररीकडे पाठवायला कोणाचीही परवानगी लागत नाही.